पाळण्याचा चौथा पाय

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असता एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक बाई देवळाच्या दाराशी रेंगाळल्या. मंडळी पांगली तरी त्या हलेनात. आम्ही जवळ जाऊन विचारपूस केली तेव्हा पदराशी चाळा करीत त्या म्हणाल्या, "फादर, ह्यांनी घरात लाकूड कातायची लेथ मशीन आणली आहे. बारा हजार मोजले! मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची आहे, आणि ह्यांना हा नाद लागला. तुम्ही एकदा येऊन दोन शब्द सांगा."

पती-पत्नीच्या तंट्यात तिसऱ्याने पडू नये हे आम्ही सेमिनरीत शिकलो, आणि धर्मग्रामात आल्यापासून दर आठवड्यास ते विसरतो. त्याच सायंकाळी आम्ही त्यांचे घर गाठले. पुढे जे घडले ते या सदरात लिहिण्यास उभयतांनी संमती दिली आहे. नावे तेवढी गाळावी अशी त्यांची अट होती, ती आम्ही पाळीत आहोत.

कामरेज ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सुरत शहराच्या ईशान्येस, तापीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद महामार्ग जेथे नदी ओलांडतो तेथे हे गाव आहे. एकीकडे उसाची शेते, तर दुसरीकडे दरवर्षी आणखी पुढे सरकणारा शहराचा पसारा. वसई, पालघर, नंदुरबार अशा ठिकाणांहून पोटासाठी इकडे आलेली मराठी कुटुंबे येथे गुजराती शेजाऱ्यांत मिसळून राहतात. आमचे हे गृहस्थ नंदुरबारकडचे. पोरवयात ते सुरतेत आले आणि बावीस वर्षे हिऱ्याच्या घंटीवर बसले. घंटी म्हणजे घासकामाची बिडाची फिरती तबकडी; तिच्यावर हिऱ्याचीच भुकटी तेलात कालवून लावतात आणि तीवर हिरा धरून त्यास पैलू पाडतात. २०२३ व २०२४ ही वर्षे या धंद्यास फार कठीण गेली. कारखान्यात आठवड्याचे काम सहा दिवसांवरून चारावर आले, मग तीनावर. हातात पैसा कमी आणि रिकामा वेळ अधिक, अशी त्यांची गत झाली होती.

अशा दिवसांत बारा हजारांचे जुने यंत्र घरी आणणाऱ्या नवऱ्याविषयी बायकोस काय वाटेल हे सांगावयास नको. बाईंनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि हिशेब मांडला. भाडे इतके, धाकट्याची शाळा इतकी, बाळंतपणाचा खर्च इतका. "आणि हे सगळं कशासाठी, तर घोडियाच्या एका पायासाठी! तेवढ्या पैशात नवं घोडियुं आलं असतं, फादर, आणि वर पैसे उरले असते."

घोडियुं हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांस नवा वाटेल. हा गुजराती पाळणा. दोन्ही टोकांस कातीव पायांची घोडी, वर आडवा दांडा, आणि दांड्यास टांगलेली कापडी झोळी. आईने बसल्या जागेवरून दोरी ओढली की झोळी हलू लागते. इकडे राहून आमच्या मराठी घरांनीही तो आपलासा केला आहे. या घरचे घोडियुं संखेड्याचे, लाल-सोनेरी रंगाचे. शेजारच्या एका म्हाताऱ्या गुजराती बाईंनी थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळी ते दिले होते. त्यात तिन्ही मुले वाढली. मग ते माळ्यावर गेले, आणि मुलीसाठी खाली काढताना निसटून त्याचा एक पाय मधोमध मोडला. गृहस्थ तो पाय घेऊन दोन-तीन दुकाने फिरले. एकच पाय कातून देण्यास कोणी तयार होईना. एकगठ्ठा काम असेल तर या, असे उत्तर मिळे. तेव्हा ते चिडले आणि एका बंद पडलेल्या सुतारशाळेतून हे यंत्र उचलून आणले.

आम्ही बाईंचा पक्ष घेतला. हे आज कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. आम्ही त्यांस सांगितले की यंत्र विकून टाका, नवे घोडियुं घ्या आणि घरात शांतता राखा. त्यांनी सारे खाली मान घालून ऐकून घेतले, उलट शब्द बोलले नाहीत. मग उठून म्हणाले, "फादर, विकतो. पण आलाच आहात तर एकदा हात लावून बघा."

मागील पडवीत पत्र्याखाली यंत्र मांडले होते. लेथ म्हणजे फार गूढ वस्तू नव्हे. लाकडाचा तुकडा आडवा, दोन टोकांमध्ये पकडावयाचा. एक टोक मोटार फिरविते, दुसरे नुसते टेकू देते. समोर लोखंडी आडणी असते, तिच्यावर हत्यार टेकवून फिरत्या लाकडास लावावयाचे. रंधा लाकडावर चालतो. येथे लाकूडच हत्यारासमोर फिरते, एवढाच काय तो भेद. मराठीत या कामास कातणे म्हणतात आणि तो करणाऱ्यास कातारी. गुजरातीत यंत्रास संघाडो व कारागिरास खरादी म्हणतात. आम्ही गोल पटाशी हाती घेतली आणि मोठ्या ऐटीत पुढे झालो. आमच्या झग्याची बाही फिरत्या लाकडाजवळ गेलेली आम्हांस दिसली नाही, त्यांस दिसली. त्यांनी आमचा हात मागे ओढला आणि दुसऱ्या हाताने बटण बंद केले. बाहीची किनार फाटली, मनगट वाचले. आमच्याहून अधिक ते घाबरले होते. झगा उतरवून, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून आम्ही पुन्हा उभे राहिलो. आता लाकडाचा पातळ, लांब पापुद्रा निघून आमच्या मनगटावरून ओघळू लागला. त्या क्षणी आम्ही काय बोलावयास आलो होतो ते विसरून गेलो.

ते म्हणाले, "घंटीवर रतीभर जास्त घासलं गेलं तर मालाचं नुकसान, शेठचा आवाज, पगारातून कपात. बावीस वर्षं श्वास रोखून काम केलं, फादर. इथं चुकलं तर काय? चुलीत घातलं. चहा होतो." परतताना यंत्र विकण्याचा विषय आम्ही काढला नाही. बाईंच्या ते ध्यानात आले असावे, कारण दारापर्यंत पोहोचविताना त्या फारशा प्रसन्न दिसल्या नाहीत.

घरी येऊन आम्ही वाचू लागलो. धर्मगुरूंस हा एक रोगच असतो. कोणतीही गोष्ट प्रथम पुस्तकात शोधावी. पण या खेपेस फळ अनपेक्षित मिळाले. लाकूड कातण्याच्या कलेवरील पहिला सविस्तर ग्रंथ एका संन्याशाने लिहिला आहे. शार्ल प्लुमिए हे त्यांचे नाव. फ्रान्समधील मार्सेय येथे १६४६ साली जन्मलेले हे गृहस्थ संत फ्रान्सिस ऑफ पाओला यांनी स्थापिलेल्या मिनिम संघात सामील झाले. त्यांचा ग्रंथ १७०१ साली लियों शहरी छापला गेला, लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत आणि पुष्कळ आकृत्यांसह. लेथ कसे बांधावे, पटाशीस धार कशी लावावी, येथपासून अवघड नक्षीकामापर्यंत सारे त्यात आहे. रशियाचा सम्राट पीटर स्वतः लेथवर उभा राहत असे. आंद्रेई नार्तोव नावाचा निष्णात कातारी त्याच्या पदरी होता, आणि त्याने हा ग्रंथ रशियन भाषेत उतरवून घेतला. हेच प्लुमिए वनस्पतिशास्त्रज्ञही होते. राजाज्ञेने ते वेस्ट इंडीज बेटांवर जाऊन झाडे-झुडपे चितारून आले आणि १७०४ साली स्पेनमध्ये, पुढच्या प्रवासाच्या वाटेवर, मरण पावले. आपल्या देवळांच्या आवारात आणि दफनभूमीत जो खुरचाफा फुलतो त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते याच कातारी संन्याशावरून ठेविलेले. आमच्या खिडकीबाहेर तो चाफा इतकी वर्षे उभा आहे, आणि त्याचा लेथशी काही संबंध असेल हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

लेथ त्याहून कितीतरी जुने. इजिप्तमधील पेटोसिरिस याच्या कबरीतील शिल्पात, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांच्या सुमारास, दोन माणसे लेथ चालविताना दाखविली आहेत: एक पट्टा ओढतो, दुसरा हत्यार धरतो. अशा यंत्रात लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. पुढे फिरते तेवढ्या वेळच पटाशी कापते आणि मागे फिरताना ती किंचित दूर घ्यावी लागते. हे कोठे दूर देशी पाहावयास जाण्याचे कारण नाही. कच्छमधील निरोणा गावी वाढा समाजाचे कारागीर आजही जमिनीवर बसून, एका हाताने धनुकली पुढे-मागे ओढीत, लाकूड कातून त्यावर लाखेचे रंगीत पट्टे चढवितात. त्यांस विजेची मोटार लागत नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज लेली नावाचा कातारी पायाने दाबावयाच्या दांडीच्या लेथवर एल्म वृक्षाचे वाडगे काढीत असे. एकाच ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे अनेक वाडगे कातून वेगळे करी. १९५८ साली तो वारला, आणि त्याचे लेथ आता रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहे.

दिवाळीनंतर आम्ही त्या गृहस्थांस घेऊन संखेड्यास गेलो. मोडक्या पायाचे मूळ घर पाहावे हा हेतू. बडोद्याच्या आग्नेयेस ओरसंग नदीकाठी हे गाव आहे; २०१३ सालापासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. खरादी-सुथार कुटुंबे येथे सागाचे पलंग, झोपाळे, खुर्च्या आणि घोडियां कातून रंगवितात. सोनेरी वेलबुट्टी दिसते, पण सोन्याचा कण त्यात नसतो. कथिलाच्या वर्खाचा लेप करून त्याने कुंचल्याने नक्षी रेखतात, अकीकाच्या दगडाने ती घासून चकाकी आणतात, मग वरून पारदर्शक लाख चढवितात. लाखेच्या पिवळसर झाकेतून खालचे रुपेरी कथील सोन्यासारखे दिसू लागते. लाख चढविण्याची रीत पाहून आमचे गृहस्थ जागीच बसले. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचे पान दाबून ती एकसारखी करावयाची. कुंचला नाही की रंगाचा डबा नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील किड्याने तयार केलेली राळ, आणि एक पान.

आपल्या सावंतवाडीस चितारी मंडळीही अशीच लाकडाची फळे, भाज्या आणि खेळणी करून लाखेने रंगवितात. पांगाऱ्याचे हलके लाकूड त्यास चालते. ज्यांच्या घरी सावंतवाडीची लाकडी केळी-आंबे शोकेसमध्ये धूळ खात पडली असतील त्यांनी एकदा ती हातात घेऊन पाहावी.

संखेड्याच्या एका वृद्ध खरादीबाबांस आमच्या गृहस्थांनी आपला मोडका पाय दाखविला. त्यांनी तो उलटसुलट फिरविला, बोटांनी चाचपला आणि हसून म्हणाले की असा एक पाय ते पाच मिनिटांत काढून देतील, पण मग याने लेथ कशाला घेतले? गृहस्थांनीही पाय करून मागितला नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की चारही पाय सारखे कसे येतात. उत्तर मिळाले: एक अरुंद फळी घ्या. तिच्यावर जुन्या पायाच्या प्रत्येक चढ-उताराची खूण करा, शेजारी तेथील जाडी लिहा. फिरत्या लाकडास फळी लावून खुणा उतरवा. प्रत्येक खुणेपाशी आधी अरुंद पटाशीने तेवढ्याच जाडीपर्यंत चर पाडा, कॅलिपरने मोजून; मग चरांच्या मधले लाकूड काढीत एका चरापासून दुसऱ्यापर्यंत जा. डोळ्यांवर भरवसा शेवटी ठेवावा, आधी नाही.

आता ज्या वाचकांस हे वाचून हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. यंत्र लहान चालेल, पण जड हवे. हलके असेल तर खाली भक्कम मेज आणि त्यावर वाळूची पोती ठेवावी, नाहीतर ते थरथरते आणि थरथरीतून चूक होते. वेग बदलता येत नसेल असे यंत्र घेऊ नये. कातारी लोकांचा एक ठोकताळा असा: लाकडाचा व्यास इंचांत मोजून त्यास मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांनी गुणिले असता उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान यावे. म्हणजे तीन इंची पायास २,००० ते ३,००० फेरे, पण सहा इंची वाडग्यास १,००० ते १,५०० च. ओबडधोबड ठोकळा प्रथम गोल करताना याहूनही बराच सावकाश. बटण दाबताना लाकडाच्या अगदी समोर उभे राहू नये, बाजूस उभे राहावे. हा उपदेश आम्ही अनुभवाने करीत आहोत. आंब्याच्या एका वाडग्याने आमच्या निवासाच्या खिडकीची काच फोडून बाहेरचा चाफा गाठला होता, आणि त्याच्या वाटेत आम्ही नव्हतो हे आमचे नशीब.

सैल बाही, ओढणी, पदर, गळ्यातील साखळी, जपमाळसुद्धा, लेथपाशी नको. हातमोजेही घालू नयेत. ते बोट वाचविण्याऐवजी यंत्रात ओढून नेतात. डोळ्यांवर नुसता चश्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल असावी. आणि धूळ. लाकूड ही देवाघरची निर्मळ वस्तू, तिची धूळ काय करणार, असे पुष्कळांस वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. सागाच्या व शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगास खाजही सुटते. पटाशीने निघणारा पापुद्रा निरुपद्रवी. खरी बारीक धूळ काचकागद घासताना उडते. तेव्हा नाकातोंडास चांगला बसणारा मास्क हवा आणि जागा मोकळी हवा असलेली हवी. बंद खोलीत, जेथे मुले निजतात, तेथे हा उद्योग मुळीच नको.

आरंभ वाडग्याने करू नये. सर्वांस वाडगा करावयाचा असतो, आम्हांसही होता. दोन टोकांत धरलेल्या लांबट लाकडात तंतू एका दिशेने जातात, आणि पटाशी समजूतदारपणे वागते. वाडग्यात एका फेऱ्यात दोन वेळा तंतू आडवे येतात आणि नवशिक्याची पटाशी त्यांत घुसून झटका बसतो. लाकूड गोल करण्याची जी रुंद, खोलगट पटाशी असते ती तर वाडग्यास कधीच लावू नये. तिची मुठीकडील शेपटी अरुंद असते, झटक्याने ती मोडते आणि पाते अंगावर येते. लाटणे करावे, रवी करावी, भोवरा करावा. लाटणे सोपे वाटते, पण एकसारखे गोल लाटणे साधले की अर्धी कला साधली. पटाशी लावताना आधी तिची मागची उतरती बाजू लाकडास टेकवावी, नुसती घासू द्यावी, आणि मग मूठ हळूहळू वर उचलीत धारेस लाकडापर्यंत आणावे. धार बोथट झाली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की चूक होते. आमचे गृहस्थ दर दहा-पंधरा मिनिटांनी पटाशी दगडावर नेतात. बावीस वर्षांची सवय त्यांस येथे कामास आली. धारेचा कोन ते डोळ्यांनी पाहत नाहीत, बोटांनी ओळखतात.

लाकूड विकत घेण्याची घाई नको. आंबा, चिकू, बोर, कडुलिंब, बाभूळ यांच्या छाटलेल्या फांद्या वाडीत पडून असतात. नवसारीकडे आणि आपल्या डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या कितीतरी आहेत. चिकूचे लाकूड कठीण, तांबूस आणि कातण्यास सुंदर. ओल्या लाकडाच्या दोन्ही टोकांस मेण लावून ते सावलीत ठेवावे, नाहीतर ते टोकाकडून तडकते. जाडीच्या दर इंचास एक वर्ष वाळू द्यावे असा जुना हिशेब आहे. इतका धीर नसेल तर वाडगा ओला असतानाच, व्यासाच्या एक-दशांश जाडीचा, ढोबळ कातून ठेवावा आणि काही महिन्यांनी वाळून वाकडा झाला की पुन्हा कातावा. सागाचे झाड आपल्या बांधावरचे असले तरी वनखात्यास विचारल्यावाचून तोडू नये. त्यापेक्षा पडक्या घराच्या चौकटी शोधाव्या. त्यांत जुना, मुरलेला साग मिळतो. फक्त आत खिळा दडला आहे काय हे चुंबक फिरवून पाहावे. स्वयंपाकाच्या वस्तूस शेंगतेल चोळू नये. ते वाळत नाही, खवट होते. शुद्ध जवसाचे तेल वाळते, पण त्यास दिवस लागतात. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलात वाळविण्याची द्रव्ये मिसळलेली असतात, ते ताटवाटीच्या वस्तूंस नको.

येथे एक गोष्ट आम्ही चुकलो ती सांगितली पाहिजे. यंत्राचे पैसे निघावे म्हणून आम्हीच गृहस्थांस सुचविले की लाटणी करून विका. देवळाच्या सणास त्यांनी वीस लाटणी मांडली. चौदा खपली. बाई खूश झाल्या. पण पुढचे तीन आठवडे ते लेथपाशी गेले नाहीत. विचारले तेव्हा म्हणाले, "ऑर्डरी आल्या फादर. पन्नास लाटणी, शनिवारपर्यंत. परत घंटीवर बसल्यासारखं झालं." आम्हांस संखेड्याचे बाबा आठवले. त्यांचे हात क्षणभर थांबत नव्हते, कारण थांबून भागणारे नव्हते. जे त्यावर पोट भरतात त्यांचे काम त्यांचे आहे. घरगुती हौशी माणसाने स्वस्तात लाटणी विकून त्यांच्याशी स्पर्धा करण्यातही काही भूषण नाही. आम्ही ऑर्डरी परत करावयास सांगितल्या. यावर बाई आमच्याशी दोन रविवार बोलल्या नाहीत.

पैशांचा प्रश्न सुटला तो भलत्याच मार्गाने. हिरे घासणाऱ्या पुष्कळांप्रमाणे यांसही माव्याचे व्यसन होते, सुपारी-तंबाखूचे. तोंडास मास्क बांधून मावा खाता येत नाही, थुंकावयाचे कोठे? पहिल्या महिन्यात दिवसाचे तीन मावे कमी झाले, नाताळपर्यंत सुटलाच. आम्ही या व्यसनावर त्यांस किती वेळा बोललो होतो याची गणती नाही, आणि यश एका कापडी मास्कने मिळविले. बाईंनी हिशेब केला: दिवसाचे तीस रुपये वाचतात, म्हणजे चारशे दिवसांत लेथ फिटते. स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर त्या रोज एक रेघ मारतात.

पाय मात्र सहजासहजी झाला नाही. सात पाय चुलीत गेले. पहिला जाड, दुसरा बारीक, तिसऱ्यास मधोमध झटका बसून ढलपी उडाली, चौथ्यात खिळा निघाला. बाकीच्यांची कथा आम्हांस ठाऊक नाही. आठवा, एका पाडलेल्या घराच्या सागी चौकटीतला, बसला. रंग मात्र जुळेना. संखेड्याहून आणलेली लाल लाख त्यांनी चढविली, केवड्याचे पान फिरविले, तरी जुने तीन पाय काळाने गडद झालेले आणि हा नवा कुंकवासारखा लाल. सोनेरी वेल काढण्याचा प्रयत्न त्यांनी केलाच नाही.

मुलीस फेब्रुवारीत मुलगा झाला. बाप्तिस्म्यानंतर आम्ही जेवावयास गेलो तेव्हा घोडियुं माजघरात मांडले होते. घरच्या माणसांनी चौथा पाय भिंतीकडे वळवून ठेविला होता. बाईंनी आमच्यादेखत ते फिरविले आणि लाल पाय दाराकडे आणला. मग आम्हांस म्हणाल्या, "लिहिणार असाल तर हेही लिहा, फादर. बाळ दुपारी दोन ते चार झोपतो. तेवढा वेळ मशीन बंद. बाकी ह्यांचं काय चालायचं ते चालू दे." गृहस्थ पडवीत होते. चार वाजून गेले होते, आणि ते कडुलिंबाचा एक लहानसा तुकडा लेथवर चढवीत होते. खुळखुळ्यासाठी, असे आम्हांस नंतर कळले.